हंगामी मेरेतेचं कायमचं घर

मेरेते आणि मी एकाच टेबलाशी उभ्या राहून मासे बांधतो. जानेवारी ते एप्रिल हा आमच्याकडे कॉड माशांचा हंगाम. मुंडकी उडवलेले, पोट साफ केलेले मासे आमच्यासमोर येतात. आम्ही दोन-दोन माशांच्या शेपट्या दोरीने एकत्र बांधतो आणि त्या जोड्या बाहेर लाकडी मांडवांवर वाळायला जातात. हात आपले आपण चालत राहतात, त्यामुळे तोंड मोकळं असतं. मेरेतेबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक त्या टेबलाशीच कळलेलं.

पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, पण दोरीची गाठ अशी मारते की फेब्रुवारीचं वादळही ती सोडवू शकत नाही. मासे संपले की ती पर्यटकांच्या लाकडी खोल्या झाडायला जायची. सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या की खाडीपलीकडच्या कत्तलखान्यात. मग नाताळपर्यंत बेकारभत्ता आणि विणकाम, आणि जानेवारीत पुन्हा माझ्या शेजारी हजर. अशी अठरा वर्षं गेली. अलीकडे एका वर्षी धक्क्यावरच्या बर्फावर घसरून मनगट मोडलं, तेवढा एक हंगाम काय तो चुकला.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती लहानग्या मुलीला, तिरिलला, घेऊन माझ्या घरासमोरच्या पिवळ्या घरात भाड्याने राहायला आली. घर ओदमुनचं. ओदमुन म्हातारा एकटा, गुडघे गेलेले. पुढे तो वृद्धाश्रमात गेला, पण भाडं त्याने कधी वाढवलं नाही, आणि मेरेतेनेही ते घर दुसऱ्याचं असल्यासारखं कधी वापरलं नाही. भिंती रंगवल्या, तळघरात पाणी यायचं ते थांबवलं, दारापाशी बेदाण्याची झुडपं लावली. तिरिल तिथेच वाढली आणि नर्स होऊन ट्रॉम्सो शहरातल्या इस्पितळात नोकरीला गेली.

मागच्या ऑक्टोबरात ओदमुन वारला. चर्चमधून आल्यावर सगळे कॉफीला बसलो होतो, तेव्हा त्याची मुलगी वेन्के मेरेतेच्या शेजारी येऊन बसली. वेन्के बर्गनला असते, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला.

"मेरेते, ते घर ठेवून मी काय करू सांग. तिकडून इथे कोण येत बसणार? पण बाबांना तू फार आवडायचीस, म्हणून आधी तुला विचारते. किंमत काढायला माणूस बोलावला होता, तो अठरा लाख क्रोनर म्हणतोय. ईस्टरपर्यंत बँकेचा होकार आण, घर तुझं. नाहीतर मला बाजारात काढावं लागेल."

"आणते की," मेरेते म्हणाली. अगदी सहज, दुकानातून दूध आणते म्हणावं तसं.

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"बेरित, मी 'आणते' म्हणून आले गं. कुठून आणू?"

"बँकेतून. सगळे तिथूनच आणतात."

"सगळे कायम नोकरीत असतात."

माझ्याच संगणकावर आम्ही अर्ज भरायला घेतला. नाव, वय, मुलं, शिल्लक. शिलकीत तिचे दोन लाख होते, जास्तीच्या तासांचे एकेक करून जमवलेले. मग प्रश्न आला, नोकरी कायम की तात्पुरती? तिसरा पर्याय नव्हता.

"अठरा वर्षं तात्पुरती असते का?" तिने विचारलं. मी कॉफी करायला उठले. तिने 'तात्पुरती'वर बोट दाबलं. मी कपात कॉफी ओतायच्या आत नकार आला होता.

"माणसाने नाही म्हटलं असतं तर निदान घसा तरी खाकरला असता," ती म्हणाली, आणि हसायला गेली, पण ते हसणं काही धड जमलं नाही.

बोगद्यापलीकडच्या गावात बचत बँकेची शाखा आहे. तिथे कर्जाचं काम आमुंड बघतो. तो आमच्याच गावचा, त्याची आई पूर्वी आमच्याच टेबलाशी असायची. डिसेंबरात मी मेरेतेला गाडीत घालून त्याच्याकडे घेऊन गेले. नाही म्हटलं तरी ओळखीचा चेहरा.

आमुंडने सगळं नीट वाचलं. वाचताना तो पेनाचं टोपण दाताखाली धरतो, लहानपणापासूनची सवय.

"तू किती राबतेस ते मला कुणी सांगायला नको, मेरेते. पण वरच्या ऑफिसात माझा शब्द चालत नाही, कागदच दाखवावे लागतात."

"मग दाखव ना. तीन मालक आहेत आणि दरवर्षी तेच तीन. कायम नोकरीवाले एवढे टिकत नाहीत."

"ते खरं. पण तीन वर्षांच्या मिळकतीची सरासरी धरतात, आणि त्यात हे एक वर्ष—"

"मनगट मोडलं होतं."

"माहीत आहे. आईने फोनवर सांगितलं होतं तेव्हा. पण सरासरीला मनगट कळत नाही. आणि बेकारभत्ता धरतच नाहीत."

"नका धरू. मी तो मौजेने घेते का?"

आमुंड टोपण चावत बसला. मग म्हणाला, "दोन वाटा आहेत. एक म्हणजे तिघांपैकी कुणीतरी तुला कायम करावं. पूर्णवेळ नसलं तरी चालेल, पण कायम. दुसरी म्हणजे कायम नोकरी असलेलं कुणीतरी तुझ्याबरोबर कर्जावर सही करावी. तिरिल कायम आहे ना?"

मेरेतेने पर्स उचलली. "तिला नोकरी लागून दोनच वर्षं झालीत," ती म्हणाली.

"पण कायम आहे," आमुंड म्हणाला. बिचारा वाईट मनाने म्हणाला नाही. पण मेरेते तोवर दारापर्यंत पोचली होती.

तिरिलला ही गोष्ट मी कळवली. मेरेते बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि कुणीतरी बोलायला हवं होतं. नाताळात तिरिल घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी दोघी माझ्याकडे जेवायला होत्या. खारवलेल्या मेंढीच्या बरगड्या वाढून झाल्या, तोच तिरिल म्हणाली, "आई, मी सही करते. विषय संपला."

"तू आणि तुझा मागनुस तिकडे फ्लॅट बघताय ना?"

"बघू पुढे."

"पुढे म्हणजे कधी? माझ्या कर्जात तुझं नाव एकदा अडकलं की तुला कोणती बँक उभं करणार दारात?"

"मग तू राहणार कुठे आहेस? तंबूत?"

"तंबूत राहीन."

"जानेवारीत?"

"लोक राहतात."

"कोण लोक? जर्मन पर्यटक! उन्हाळ्यात! आई, तू ना अगदी आजीसारखी हट्टी आहेस."

"आजीवर जाऊ नकोस."

तिरिल ताटावरून उठली आणि कोट न घालताच बाहेर जाऊन उभी राहिली. दुपारच होती, पण आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य उगवत नाही, दुपारही काळीच असते; खिडकीतून तिची नुसती पाठ दिसत होती. मेरेते मान खाली घालून हाडावरचं मांस सोडवत राहिली. ते तिने खाल्लं नाही.

"पोरीचं पाऊल अडवून मी घरात बसू?" ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "पण बेरित, ती सही करते म्हणाली ना, तेव्हा मला एवढं हलकं वाटलं की माझीच मला लाज वाटली."

जानेवारीत मासे आले नाहीत. म्हणजे समुद्रात ते असतील, पण वारा असा पेटला होता की बोटी बंदरातच बांधलेल्या. रोज सकाळी फोनवर निरोप यायचा, आज काम नाही. आमचा पगार तासावर. काम नाही म्हणजे पगार नाही, आणि या वर्षी पगार नाही म्हणजे मेरेतेची सरासरी आणखी खाली. पहाटे माझा फोन वाजायचा.

"बेरित, तुला वारा पडल्यासारखा वाटतोय का?"

"नाही गं."

"मला वाटतंय. चिमणीतून आवाज कमी आला."

वारा पडलेला नसायचा. ती जेवेनाशी झाली. डोळ्यांखाली काळं आलं. दोन-चार दिवस काम निघालं तेव्हा तिने बांधलेली एक जोडी मांडवावरून सुटून खाली पडली. मेरेतेची गाठ सुटली! शेडचा मालक हॉल्वर ती जोडी हातात धरूनच टेबलापाशी आला. हॉल्वरची शेड छोटी, पण आवाज मोठा. ओरडायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. मग तिला त्याने बाजूला नेलं.

तेव्हा काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. हॉल्वर म्हणाला, "एवढंच ना? मी लिहून देतो. कायम नोकरी, पूर्णवेळ, शिक्का, सही. बँक खूश, तू खूश. कर्ज मिळालं की कागद फाडून टाकू." मनाने वाईट नाही हॉल्वर. फक्त कागद म्हणजे त्याच्या लेखी मासे गुंडाळायची वस्तू.

मेरेतेने तो कागद घेतला आणि शुक्रवारी बँकेच्या पेटीत टाकून आली. मला बोलली नाही. रविवारी दुपारी माझ्या दारात उभी राहिली ती पांढरीफटक.

"मी एक वाईट काम केलंय."

तिला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर पडलं.

"मग परत घे ना तो कागद."

"आणि त्यांनी पोलिसांना सांगितलं तर? फसवणूक म्हणतात त्याला. पेपरात नाव येईल. तिरिलच्या इस्पितळात लोक वाचतील. हॉल्वरही अडकेल. मला वाटलं होतं, पेटीत टाकलं की सुटले. झोपच नाही गं शुक्रवारपासून. दार वाजलं की वाटतं, आले."

"रविवारी बँकवाले येत नाहीत."

"माहीत आहे. तरी वाटतं."

सोमवारी बँक उघडायच्या आधीच ती दारात जाऊन थांबली. आमुंडने पाकीट फोडलेलं होतं.

"आज मी हॉल्वरला फोन करणार होतो," तो म्हणाला. "मालकाला विचारायचं, असा नियमच आहे."

"नको करूस. ते खरं नाही."

आमुंडने कागद तिच्याकडे सरकवला. "मी हा वाचला नाही, असं मला म्हणता येणार नाही. पण अर्जाला अजून जोडलेला नाही. घेऊन जा. आणि मेरेते, पुन्हा असं करू नकोस. मग माझ्या हातात काहीच उरणार नाही."

तिथून ती थेट कामावर आली.

त्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत हॉल्वर आमच्या खोलीत साखर घ्यायला आला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"हॉल्वर, खोटं लिहायला तुला पाच मिनिटं लागली. तेच खरं का करत नाहीस?"

हॉल्वर आधी हसला. "म्हणजे ऑगस्टमध्येही पगार देऊ? आणि मासे कुठून आणू? तुझ्या बाथटबमधून?"

"दर डिसेंबरात माणसं मिळत नाहीत म्हणून कोण रडत फिरतं? गेल्या वर्षी त्या नव्या पोरांनी बांधलेल्या जोड्या वादळानंतर रस्त्याकडेने कुणी गोळा केल्या? तू की मी?"

"बेरित, पुरे," मेरेते म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"पुरे काय? अठरा वर्षं—"

"पुरे म्हटलं ना!"

हॉल्वर साखर न घेताच निघून गेला आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मेरेते त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलली ती एवढंच, "माझ्यासाठी तू भीक मागायची नाहीस." मला राग आला. तिच्यासाठी मी मालकाच्या तोंडाला लागले, आणि हिचं हे! आम्ही शेजारी उभ्या राहून गाठी मारत होतो आणि मध्ये नुसता दोरीचा आवाज.

फेब्रुवारी संपता संपता वारा पडला, आणि मासे आले ते असे की बोटी काठापर्यंत पाण्यात बुडालेल्या. जेवायलाही फुरसत मिळेना. अशा गर्दीत एकदा हॉल्वर टेबलाच्या पलीकडे येऊन उभा राहिला. यंत्रांच्या आवाजावर त्याला ओरडावं लागत होतं.

"साठ टक्के वेळाची नोकरी! कायम! हंगामात जास्तीचे तास करायचे, ते जमा ठेवायचे, आणि उन्हाळ्यात त्यातून पगार! जास्तीच्या तासांचा वरचा दर मिळणार नाही! उन्हाळ्यात शेड रंगवायची, फळ्या ठोकायच्या! विचार करून सांग!"

मेरेतेचे हात थांबले नाहीत. "सप्टेंबरात कत्तलखान्याला जाऊ देशील?"

"देईन!"

"मग हो."

"विचार तरी कर!"

"केला!"

या हिशेबात वर्षाकाठी तिच्या हातात आधीपेक्षा थोडे पैसे कमीच येणार होते. पर्यटकांच्या खोल्या सुटल्या, वरचा दर सुटला. पण बँकेच्या लेखी ती आता आधीपेक्षा श्रीमंत होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पहिल्यांदा परत हसलो. आणि मग तिने माझ्या खिशात एक चॉकलेट कोंबलं. मेरेते माफी अशीच मागते.

खरा करार घेऊन ती आमुंडकडे गेली. त्याने या वेळी हॉल्वरला फोन केला, आणि हॉल्वरनेही या वेळी छाती काढून उत्तर दिलं. अर्ज वरच्या ऑफिसात गेला आणि तिथेच बसून राहिला. मेरेते दर तासाला हातमोजा काढून फोन बघायची. मासळीचं पाणी लागून फोनचा आवाज बसला, तेव्हा वाजला तरी कळणार नाही या भीतीने तिने नवा घेतला. ईस्टर आला, लोक स्की घेऊन डोंगरावर गेले, बँका बंद झाल्या. ती घरात बसून वेन्केला फोन करावा की नाही याचाच विचार करत राहिली. उत्तर नाही तर सांगणार काय, म्हणून केला नाही.

सुट्टीनंतरच्या आठवड्यात होकार आला. साडेपंधरा लाखांचा. तिची शिल्लक धरून आणि खरेदीचं सरकारी शुल्क वजा जाता सतरा लाखांच्या आसपास जात होतं. अठराला ते कमी होतं, तरी तिने धावतच वेन्केला फोन लावला.

"अगं, परवाच दलालाशी करार केला मी," वेन्के म्हणाली. "तू एक फोन तरी करायचास!"

"उत्तर यायचं होतं."

"तेच सांगायचंस ना! थांबले असते मी. आता माझा भाऊही कागदावर आहे, मला मागे फिरता येत नाही. पण तू लाव ना बोली. आमच्या त्या कोपऱ्यात घर घ्यायला कोण येणार आहे?"

घर दाखवायच्या दिवशी मेरेतेने पहाटेपासून घासूनपुसून सगळं लख्ख केलं. भाडेकरूने तेव्हा घरात थांबायचं नसतं, म्हणून ती माझ्याकडे येऊन खिडकीशी बसली. मी वाफल केले होते. ते थंड झाले.

"बघ, ती बाई बेदाण्याची झुडपं बघतेय. उपटणार ती."

"बघू दे गं."

"त्या माणसाने बूट काढले नाहीत. बेरित, तो बूट घालून आत गेला!"

"पुसता येईल."

"मी कशाला एवढं घासलं? घाण ठेवायला हवी होती. तळघरात पाणी सोडायला हवं होतं." बोलली आणि लगेच, "नाही, असं नको म्हणायला," म्हणून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

लोक बरेच येत होते. त्यांच्या काही गाड्या आमच्या भागातल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बोली. ती फोनवरच चालते. दलाल निरोप पाठवतो, अमक्याने एवढे म्हटले, तमक्या वेळेपर्यंत उत्तर द्या. आम्ही हंगामातले शेवटचे मासे बांधत होतो. मेरेतेने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवला होता. पंधरा लाखांपासून सुरुवात झाली. तिने सोळा लाख म्हटलं. लगेच कुणीतरी साडेसोळा. तिने पिशवीवरूनच बोटाने आकडे लिहिले, सोळा लाख ऐंशी हजार. हॉल्वर कोपऱ्यात फळी साफ करत होता, एकच फळी पुन्हा पुन्हा.

फोन थरथरला. सतरा लाख पन्नास हजार.

मेरेते त्या आकड्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "माझे थोडे आहेत बाजूला, ते घे."

"नको."

"मेरेते—"

"तेवढ्यावर ते थांबणार नाहीत, बेरित." आणि तिने पुढचा मासा उचलला.

घर अठरा लाखांच्या वर गेलं. दक्षिणेकडच्या एका जोडप्याने घेतलं, सुट्टीत राहायला. मेरेतेने त्या दिवशी शिफ्ट पूर्ण केली. गाठी सगळ्या घट्ट होत्या, मी तपासल्या. जूनअखेर घर रिकामं करायचं होतं.

त्यानंतर ती रडली नाही, पण तिला सगळ्याची घाई झाली. बँकेच्या होकाराची मुदत उन्हाळ्यात संपत होती. ती गेली की पुन्हा अर्ज, पुन्हा सरासरी, पुन्हा वरचं ऑफिस. मेरेते गाडी घेऊन खाडीखाडीतून फिरली. डोंगराच्या मागच्या अंगाला एक घर विकायला होतं, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं. राखाडी, लहान. तिथे हिवाळ्यानंतर ऊन सगळ्यात शेवटी पोचतं. स्वयंपाकघराची जमीन अशी उतरती की टेबलाखाली सुटलेला बटाटा थेट खिडकीखाली जाऊन थांबायचा. किंमत अकरा लाख.

तिने बोली लावली आणि दिवसभर फोनकडे बघत बसली. मुदत संपली. दलालाचा फोन आला, "अभिनंदन, घर तुझं."

"नक्की? दुसरं कोणी नाही?"

"नाही."

"का नाही?" मेरेतेने घाबरून विचारलं. "काय झालंय त्या घराला?"

दलाल म्हणे हसतच सुटला. तिने मात्र त्या एका रात्रीत घरातल्या सगळ्या दोषांची यादी डोक्यात तयार करून ठेवली होती, आणि सकाळी चहाबरोबर मला ती ऐकवली. छत, गटार, उंदीर, विजेच्या तारा.

तिरिल आणि मागनुस सामान हलवायला आले. पिवळ्या घरातून शेवटचं खोकं बाहेर काढताना तिरिल आईला म्हणाली, "मला सही करू दिली असतीस तर हे घर मिळालं असतं."

"मिळालं असतं," मेरेते म्हणाली. "तू दारावरची घंटा काढून घेतलीस का? ती आपली आहे."

बेदाण्याची दोन झुडपं तिने मुळासकट काढून नेली. त्यातलं एक जगलं. पिवळ्या घराच्या खिडक्या आता जुलैतले पंधरा दिवस उघड्या असतात, बाकी वर्ष माझ्या समोर अंधार असतो. मला त्याची अजून सवय झालेली नाही.

काळजी तिची गेली असं म्हणवत नाही. व्याजदर वाढणार अशी बातमी आली की ती रेडिओचा आवाज मोठा करते. ऑगस्टमध्ये हॉल्वरची शेड रंगवताना तिला सारखं वाटायचं की आपण फुकटचा पगार खातोय, आणि हॉल्वरला कधीतरी ते कळेल. म्हणून ती इतकी भराभर रंगवायची की रंग संपला, आणि हॉल्वरलाच तिला घरी पिटाळावं लागलं.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, तिचा फोन आला. बोलता बोलता ती धुळीने खोकत होती.

"बेरित, हॉल्वरला घेऊन लगेच ये."

"काय झालं?"

"स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत पाडली मी. मला ती कधीच आवडली नव्हती. उजेड अडवत होती. हातोडा घेतला आणि पाडली."

"मग?"

"मग आता मनात आलं, छत तिच्यावर टेकलं असेल तर?"

हॉल्वर आणि मी पोचलो तेव्हा ती पांढऱ्या धुळीने माखलेली, अंगणात बसली होती. आत जायची हिंमत होत नव्हती. हॉल्वर आत गेला, वर बघितलं, तुळई ठोकली, इकडून तिकडून फिरला.

"ही नुसती फळ्यांची होती," तो बाहेर येत म्हणाला. "छत तोलणारी ती पलीकडची. तिला हात लावू नकोस."

"नक्की?"

"नक्की."

"पण तू मासेवाला आहेस, सुतार नाहीस."

"मग सुताराला बोलाव!"

"तेवढे पैसे नाहीत," मेरेते म्हणाली. तिने दरवाजातून वाकून आत एकदा छताकडे बघितलं, आणि मग आम्हा दोघांच्या हातात एकेक झाडू दिला.